सूर्य, सातशे मिलिअँपिअर

धायरीतल्या आमच्या बाल्कनीत ऊन यायचं
सव्वासातला, थांबायचं साडेदहापर्यंत.
मग समोर बारा मजले उभे राहिले
आणि ऊन बंद. नोटीस नाही, काही नाही.

मला ते नवीन नव्हतं.
भोसरीत बावीस वर्षं मी बोर्डांवर डाग दिले,
एका सोमवारी गेटला कुलूप.
हिशेबात मिळालं ते मिळालं;
सोल्डरगन तेवढी आधीच घरी आली होती.
चोरली नाही. विचारलंही नाही.

मिरचीची पाच रोपं,
सुतासारखी लांबत चाललेली,
जाळीला गाल लावून
पलीकडच्या प्लास्टरकडे बघणारी.

तपकीर गल्लीत लुंकडांकडे मागितले
तीन वॅटचे चोवीस: अठरा लाल, सहा निळे.
"लग्नाची लायटिंग का, ताई?"
म्हटलं, नाही, मिरच्यांना.
त्यांनी आधी पैसे मोजून घेतले, मग हसले.

रविवारी जुन्या बाजारात हीटसिंक, किलोवर.
विकणाऱ्यानं तो कंगव्यासारखा उलटसुलट केला,
"कशाचं आहे हे?"
मी सांगितलं.
त्यानं भाव वाढवला.

पहिला दिवा अकरा मिनिटं जगला.
पेस्ट मी पोळीवर तूप घालावं तशी घातली होती.
पेस्ट दिसली म्हणजे जास्त झाली,
हे मी वीस पोरींना शिकवलं होतं.
रेहाना मोमीन असती तर म्हणाली असती,
"शेडगेबाई, रिजेक्ट."

दुसऱ्यांदा स्क्रू समोरासमोरचे आवळले,
थोडे थोडे, चारीकडून.
मीटर म्हणाला साठ व्होल्ट, सातशे मिलिअँपिअर.
पाठीवर बोट ठेवून पाच मोजले. चटका नाही.
थेट बघू नये म्हणतात. बघितलं.
घर जांभळं झालं,
भाताला करवंदाचा रंग,
आणि माझे हात कुणा दुसरीचे.

खाली पार्किंगमध्ये चर्चा:
कुणी म्हणे डिस्को, कुणी म्हणे गांजा.
सेक्रेटरी खांबेटे वहीसकट वर आले,
दारातूनच, "नियमात बसतं का हे?"
मी विचारलं, ऊन बसत होतं का?
त्यांनी वही चाळली. खरंच चाळली.

दिवा मी चोवीस तास चालू ठेवला होता.
जास्त उजेड, जास्त मिरच्या,
सुपरवायझरचं गणित.
आठव्या दिवशी पानं आत वळली, मुठीसारखी.

तेव्हा आठवली तिसरी पाळी.
कधीच न विझणाऱ्या ट्यूबा,
खिडक्यांच्या काचांना पांढरा रंग,
बाहेर पाऊस आहे की नाही
ते चहावाल्याच्या ओल्या छत्रीवरून कळायचं.
सकाळी घरी येऊन पडदे ओढून पडायचं
तरी पापण्यांच्या आत
डाग चमकत राहायचे.

दोनशे ऐंशीचा टायमर आणला.
रात्री दहाला तो टक् करतो.
हीटसिंक गार होताना बारीक कुरकुरतो.
मी तिथेच बसते थोडा वेळ, स्टुलावर.
अंधारात रोपं काय करतात मला माहीत नाही
आणि मी बॅटरी लावून बघत नाही.

फुलं आली. मधमाशी चौथ्या मजल्यावर येईना,
तर फ्लक्सचा जुना ब्रश तीनदा धुऊन
मीच फिरले फुलाफुलांवरून,
चष्मा नाकाच्या शेंड्यावर,
लाइनवर तपासायचे तशी,
एक, एक, एक.

चौदा मिरच्या.
दोन खांबेट्यांना पाठवल्या, वाटीत.
वाटी परत आली, धुतलेली, आत चिठ्ठी:
"आभार. तिखट नाहीत."

उद्या ड्रायव्हर उघडते.
शंभर मिलिअँपिअर वाढवून बघू.