चष्मा

पहाटे साडेतीनला मी नांगर बाहेर काढतो.
शेताचा नव्हे, बर्फाचा.
पोसिओपासून तळ्याच्या वळणापर्यंत बावीस किलोमीटर,
मग दुसऱ्या कडेने परत.
बर्फ भुसभुशीत असतो तोवर पातं नुसतं टेकवलं तरी भागतं.
दुपारपर्यंत राहिला तर त्याचं हाड होतं,
मग पहार लागते, मीठ लागतं, शिव्या लागतात.

हे मी हिल्काबाईंना सांगितलं नाही.
तिथे मी फारसं बोललोच नाही.
खुर्ची सात वर्षांच्या मुलाच्या मापाची,
माझे गुडघे टेबलाच्या वर,
टेबलावर ओइवाची वही.
त्यानं लिहिलं होतं:
काल रात्री खूप आग होती,
आगीनं आमच्या होडीवरची ताडपत्री उडवली.

बाई म्हणाल्या, बघा, किती छान सांगतोय.
तुली म्हणजे आग. तूली म्हणजे वारा.
एक उकार आखूड पडला
आणि अख्खा किनारा पेटला.
मी हसलो.
मग आठवलं, माझ्या वहीवर लाल शाईत
एकच शब्द असायचा: आळशी.
तिसरीत, चौथीत, सहावीत.
तो मात्र मला न अडखळता वाचता यायचा.

काय झालंय त्याला, मी विचारलं.
झालं काही नाही, त्या म्हणाल्या,
त्याचा कान लांबी मोजत नाही अजून.
आठवड्यातून तीनदा, वीस-वीस मिनिटं,
बॉयलरशेजारच्या खोलीत बसू.
तो, मी, आणि एक मुलगी
जिला मोजताना सात सापडत नाही.
पहिलीतच लक्षात आलं, बरं झालं.

मग कागद पुढे आला. वाचा आणि सही करा.
मी खिसे चाचपले.
चष्मा गाडीत राहिला, म्हणालो.
दाराशी ओइवा बुटाची नाडी बांधत होता.
त्यानं मान वर केली, पुन्हा नाडीत घातली.
बाई उठून माझ्या बाजूला आल्या
आणि सगळं वाचून दाखवलं,
प्रत्येक शब्दाखाली बोट सरकवत,
घाई न करता.

त्यांनी त्याला एक हिरवं रबरबँड दिलं.
दीर्घ आला की ताणायचं, ऱ्हस्वाला सैल सोडायचं.
जेवताना टेबलाखाली त्याचे हात ताणत असायचे,
मासा, मीठ, बटाटे, आईचं नाव.
दोन तुटली. एक सूपमध्ये उडालं.
सेन्या म्हणाली, निदान भांडत तरी नाहीये अभ्यासाशी.

फेब्रुवारीत भांडला.
वही शेगडीमागे फेकली,
मठ्ठ पोरांची खोली आहे ती, म्हणाला,
मी नाही जाणार.
कोण म्हणालं, मी विचारलं. सांगेना.
मला उत्तर सुचेना, म्हणून त्याला नांगरावर बसवलं
आणि वळणापर्यंत नेलं.
वायपर चालू होते. समोर फक्त आमचेच दिवे.
मी म्हणालो, माझ्याकडे चष्मा नाहीये.
माहितीये, तो म्हणाला.
थोडा वेळ काचेकडे बघत राहिला.
मग खिशातून रबरबँड काढलं,
गिअरवरचं माझं बोट उचललं
आणि त्यात ते अडकवलं.
सोमवारी स्वतःहून गेला.
बुधवारी नाही गेला. शुक्रवारी गेला.

आज पहाटे थर्मासला एक चिठ्ठी गुंडाळलेली होती.
इंजिन सुरू न करता मी केबिनमधला दिवा लावला.
बाबा, इतकं लगेच कळलं.
पुढचा शब्द.
त्याच्याखाली बोट ठेवलं, रबर ताणलं,
सैल सोडलं, पुन्हा ताणलं.
हातमोजे काढून पुन्हा एकदा.
आग नव्हती.

बाहेर झाडं एका बाजूला कलली होती.
मी कानटोपी खाली ओढली
आणि पातं टेकवलं.