तीस जून, रात्री बारा

मार्चमध्ये पहिलं पत्र गेलं : प्रिय ग्राहक.
त्यात 'सुलभ' हा शब्द चारदा होता.
दोन मी खोडले, वरून एक परत आला.
औलूत खिडकीबाहेर गुडघाभर बर्फ,
आणि आम्ही लोकांना सांगतोय,
उन्हाळ्यात बिऱ्हाड हलवायचंय.

सामान काय, तर प्रश्न.
कुणी कुणी वीस-बावीस वर्षं जपून ठेवलेले,
एकदा विचारून मग दर आठवड्याला
आपोआप विचारले जाणारे.

वनसंशोधनातल्या तूलिक्की रोन्काइनेन यांचं म्हणणं एवढंच
की उजवीकडचं हिरवं बटण उजवीकडे राहावं.
ते डावीकडे गेलंय, मी म्हटलं. निळंही झालंय.
फोनवर त्या इतका वेळ गप्प राहिल्या
की त्यांच्या खोलीतलं घड्याळ मला ऐकू आलं.

इनारीची वकील बिरेत माग्गा.
दीड तासाचं प्रशिक्षण तिनं वीस मिनिटांत उरकलं
आणि विचारलं, आमच्या सामी भाषेतले शब्द
डोक्यावरच्या रेघांसकट सापडतात का?
सापडत नव्हते.
तीन आठवडे भांडल्यावर सापडायला लागले.
पत्रकात याचा उल्लेख नाही.

शेवटी यादीत एकच नाव उरलं :
ओइवा केर्त्तुला, कूसामो, वय एक्याऐंशी.
पाच पत्रं, उत्तर नाही.
मग गाडी काढली. सव्वादोनशे किलोमीटर,
मावळायचं नाव न घेणारं ऊन,
रस्त्याच्या मधोमध उभं, ढिम्म न हलणारं रेनडिअर.

त्यांनी कॉफीत चीजचा तुकडा टाकून पुढे केला.
स्क्रीनवर एक्केचाळीस शोध. चाळीस सुखरूप पोचले होते.
एक जुन्याच दारात उभा.
नियम असा : दोन वर्षं ज्याला काही सापडलं नाही
तो शोध नव्या घरी येत नाही.
पान तीन, बारीक अक्षरं. मीच लिहिलेली.

"तो ऐलीनं लावलाय," ओइवा म्हणाले.
"माझ्या पासवर्डनं. स्वतःचा ती कायम विसरायची."
काचेच्या तळाची बादली पाण्यात धरून
दोघं नदीतले मोत्यांचे शिंपले मोजत असत.
नंतर कुणी मोजले का, कुणी त्यावर चार ओळी लिहिल्या का,
एवढंच तो शोध विचारायचा.
नऊ वर्षं, दर सोमवारी सकाळी सात वाजता
उत्तर यायचं : शून्य निकाल.

मी नियम समजावून सांगितला.
त्यांनी नीट ऐकून घेतला.
"तो शिंपला दीडशे वर्षं जगतो," म्हणाले,
"त्याच्या हिशेबात नऊ वर्षं म्हणजे काय?"

यावर पान तीनकडे उत्तर नव्हतं.
मी शोध नव्यानं, हातानं भरला.
तीन शब्द, त्यातला एक लॅटिन.
नवीन प्रश्नाला नियम लागू होत नाही,
हेही मीच लिहिलं होतं, न कळत.

एक जुलैला जुना पत्ता उघडला तर कोरं पान.
कुणी आरडाओरडा केला नाही.
तूलिक्कींचा दोन शब्दांचा निरोप : निळं चालेल.

आणि सोमवारी, सात वाजून चार मिनिटांनी, फोन.
"आलं," ओइवा म्हणाले.
"काय आलं?"
"काहीच नाही."
मग त्यांनी विचारलं,
ही अक्षरं जरा मोठी कुठून करायची.