नसलेल्या घराचा पत्ता

चांदिवली, दुसरं तळघर, रात्रीचे पावणेदोन.
चाळीस सर्व्हर, कोरे. डिस्कवर काही नाही, नावही नाही.
वीज मिळाली की प्रत्येक जण तारेत एवढंच ओरडतो:
कुणी आहे का? मी कोण?

वरच्या कप्प्यातला आमचा सर्व्हर सांगतो,
हा तुझा पत्ता, हा कर्नल,
आणि ही उत्तरांची फाइल, म्हणजे तू प्रश्न विचारायला नकोस:
भाषा, डिस्कचे वाटे, वेळ कोलकात्याची.
मुंबईतल्या यंत्रालाही कोलकाताच सांगावं लागतं.

तेहेतीस उठले.
सात काळ्या पडद्यावर थांबले. फाइल सापडत नाही.
पुन्हा पहिल्यापासून. या वेळी नऊ,
आणि त्यातले सहा मघाशी शहाण्यासारखे उठलेले.

केबल बदलल्या. तांदूळ निवडावेत तशी फाइल निवडली.
खडा नाही.
शेवटी तारेवरच कान ठेवला.
हाक एक. उत्तरं दोन.
दुसरं कधी कधी आमच्याआधी, केसभर.

त्याची बारा अक्षरांची खूण धरून
एका स्विचवरून दुसऱ्या स्विचवर, चौथ्या मजल्यापर्यंत गेले.
खिडकीजवळचं टेबल, त्यावर आता खोकी ठेवतात.
खाली, पाय ठेवायच्या जागी, एक डबा. धुळीने मऊ झालेला.
हिरवा दिवा. चिकटपट्टीवर पेनाने:
बंद करू नये. ग्लेन तुस्कानो.

ग्लेनने नोकरी सोडून तीन वर्षं झाली.
तीन वर्षं हा जो विचारेल त्याला अदबीने
एका सर्व्हरची वाट सांगत बसलाय,
जो कधीच भंगारात गेला.
खोटं नव्हता बोलत. त्याला कुणी कळवलंच नव्हतं.
आणि गेल्या आठवड्यात दोन मजल्यांची नेटवर्कं जोडली
ती मीच.

बटण दाबून धरलं. पंखा थांबायला वेळ लागला.

खाली चाळीसच्या चाळीस उठले.
रजिस्टरवर सही घेताना बनसोडे म्हणाले,
गेटवर दोघं उभे राहिले की असंच होतं मॅडम,
पाहुणा बिचारा मागच्या गल्लीत फिरत बसतो.

साडेनऊला ग्लेनला वसईला फोन लावला.
हसेल असं वाटलं होतं.
तो अजून चालू होता? म्हणाला. मग थांबून,
किती दिवस, सलग?

बघायचं राहून गेलं.