पाणी निववताना

मे महिन्यात नागपुरात पाणी तापवावं लागत नाही,
निववावं लागतं.
गच्चीवरच्या टाकीतून दुपारी येतं ते
थेट चहाची पत्ती टाकावी असं.
म्हणून पहाटे पाचला, ड्यूटी सुरू व्हायच्या आधी,
दोन बादल्या भरून जिन्याखाली ठेवते,
वर ओलं गोणपाट.
कोणी सांगितलं नाही. वॉर्डाच्या नियमांत ते नाही.

बेड नंबर अकरा. डोमाजी पराते, वय बहात्तर,
टांडापेठ, शुगर, डाव्या पायाची दोन बोटं गेलेली.
चाळीस वर्षं मागाच्या पावड्या दाबलेले पाय.
तळवा अजून झोपेत हलतो,
एखादं लुगडं अर्धवट राहिल्यासारखा.

"हळू ना वं मिशनवाले! ढोरं धुऊन राहिली का?"

माझं नाव सुवार्ता. बिल्ल्यावर लिहिलंय.
सात आठवड्यांत त्यानं ते वाचलं नाही,
आणि पहिल्या दिवशी ताट भिरकावलं तेव्हा
वरणाचा डाग नेमका बिल्ल्यावरच बसला.

वासाबद्दल काय सांगू.
घरी जाऊन संत्र्याची साल बोटांवर चोळते,
तरी रात्री घास तोंडापाशी येऊन थबकतो.

आई सदरच्या वसतिगृहात पोळ्या करायची, साठ मुलींच्या.
म्हणायची, माणसासाठी केलं की हात दुखतात,
प्रभूसाठी कर.
करून पाहिलं, आई.
डोळे मिटून मनात म्हटलं, हा त्याचाच पाय.
पण डोळे मिटून ड्रेसिंग होत नाही.
उघडले की समोर डोमाजीचीच टाच,
भेगाळलेली, आपल्याच दुखण्यात गुंतलेली.
तिला दुसऱ्या कोणाचं नाव द्यायचं
म्हणजे तिच्यावर अन्यायच.

योहानानं सगळं लिहिलंय:
जेवणावरून उठला, वस्त्रं काढून ठेवली,
कमरेला रुमाल, गंगाळात पाणी.
पाणी कसं होतं ते नाही लिहिलं.
कोमट? विहिरीचं?
आणि वर माडीवर ते आणून ठेवलं कोणी?
मी त्या माणसाचा विचार करते.
जिना चढताना थोडं त्याच्या खांद्यावर सांडलं असेल,
मग तो घरी गेला असेल, जेवला असेल.
ते पाणी कशाला लागलं
हे त्याला कधी कळलंही नसेल.

प्रेम वगैरे आलं नाही मला. खोटं कशाला बोलू.
बदलीचा अर्ज मीच दिला होता. मंजूर झाला.
सोमवारपासून ओपीडी, पंख्याखालचं टेबल.

नव्या मुलीला, अनुग्रहाला, सगळं दाखवलं.
बादल्या जिन्याखाली. गोणपाट दर दोन तासांनी ओलं.
टाच आधी, मग बोटांची जागा.
शिव्या देतील, त्या चार्टवर चढवायच्या नाहीत.
ती म्हणाली, ताई, पाणी निववायचं हे पुस्तकात कुठं आहे?
म्हटलं, आहे. लवकर सापडत नाही.

मंगळवारी वर गेले, रजिस्टर विसरलं होतं म्हणून.
खरंच विसरलं होतं.
दारापर्यंतच आवाज आला:
"आधी टाच, पोरी, आधी टाच!
तुले कोनी शिकवलं नाही का?"

जिन्यानं खाली उतरले.
गोणपाट सुकत आलं होतं.
ओंजळीनं त्यावर पाणी शिंपडलं,
आणि हात न पुसता ओपीडीत गेले.