नात्याचा रकाना

फोन उंबऱ्यावर ठेवू नको, म्हणाली इनासीन,
कोंबड्या पाय देत्यात.
मग स्वतःच तो पदरानं पुसून
पेंढीवर ठेवला, आणि विचारलं,
हे ऐकतंय काय आता?
ऐकतंय.
तर त्याला सांग, मी सिद्दी.
नंदगडच्या पुढं, रान सरत नाही तिथं ऱ्हातो.
कंडक्टर विचारला एकदा, कुठल्या देशाची गे तू?
म्हटलो, खानापूर तालुका. अर्धं तिकीट मागू नको, पुरं घे.

मी आलो, मी गेलो, मी भात लावलो.
आमच्याकडं बाया अशाच बोलतात.
माझी आईसुद्धा "येतो गे" म्हणून पिशवी उचलायची.
पुण्यात या "येतो"वर अख्खा वर्ग हसला,
त्या दिवसापासून मी "येते" झाले.
इथं या शेणानं सारवलेल्या जमिनीवर
जीभ मागं वळून बघते.

दावलबी मध्येच येते, न सांगता,
जशी ती तेव्हा आली असणार:
जंगल खात्याची नर्सरी, सागाची रोपं,
काळ्या पिशव्यांत माती भरायची, शंभराला इतके पैसे.
मुकादम आम्हा दोघींना एकच हाक मारायचा. काळे!
दोघी वळून बघायचो.
मग म्हटलं, नाव एकच दिलाय तर
घरबी एकच करू.

(हसते. फोनमध्ये ते हसू फाटतं.)

हलियाळच्या बाजारात एक बाई माझे केस धरून बघितली,
खरे हैत काय म्हणून.
दावलबी तिचा शेपटा धरली.
हेबी खरं हाय काय बघू, म्हणाली.

पाद्रीला मी सांगितलो, सोबतीला ठेवलोय.
मौलवीला ती सांगितली, कामाला ऱ्हातो तिकडं.
खोटं कुणालाच सांगितलो नाही.
सगळं तेवढं सांगितलो नाही.

खानेसुमारीचा मास्तर कानडीत विचारला, ही तुझी कोण?
गडण, म्हटलो.
त्याला रकाना नाही म्हणाला. बहीण लिहिला.
दहा वर्षांनी दुसरा आला, जाऊ लिहिला.
तिसरा लिहिला भाडेकरू.
एक रुपाया भाडं दिली नाही ती कधी,
एवढं मात्र त्यात घाल.

घातलं.

तिचा पुतण्या माती दिला. चांगला पोरगा.
मी बांधावर, करवंदीच्या जाळीपाशी उभा होतो,
बायकांनी पुढं जायचं नसतंय म्हणून,
आणि जायला मी कोण म्हणूनबी.
अंगावर घातलेली कवंदी परत आली.
सून धुऊन वाळत टाकली.
सगळी नको म्हटलो, मला फूल दे.

फूल म्हणजे कोपऱ्याला शिवायची चिंध्यांची घडी,
घडीवर घडी, वर दोरा.
चार कोपऱ्यांना चार.
फुलाविना कवंदी नागडी, म्हणतात इथं.
तिनं पत्र्याच्या डब्यातून काढून दाखवलं:
हिरवं परकराचं, पिवळं कशाचं ते आठवत नाही,
मधला लाल, तो तिच्या पोलक्याचा,
आणि त्यावर
कुठल्याशा उंदरानं कुरतडलेलं.

आता बंद कर, म्हणाली.

बंद केला, असं मला वाटलं.
घरी ऐकताना कळलं, चालूच होता:
कोंबड्या, लांब कुठंतरी लाकूड तोडण्याचा आवाज,
पंख्याविना दुपार, अकरा मिनिटं.
मग तिचा आवाज, फोनला पाठमोरा:
आणि तुला? तुझं कोण हाय?

माझं उत्तर मी पुसून टाकलं,
सगळं नाही. तीन शब्द राहिलेत,
कुणाच्या कानाला चुकीचे वाटतील:
तिच्याबरोबर राहतो, म्हणालो.