वीस चिठ्ठ्या

महिन्याच्या पहिल्या रविवारी, मोठ्या मिस्सानंतर,
गेनोवेफा चहाचा रिकामा डबा उघडते.
आत वीस चिठ्ठ्या, एकेकीवर जपमाळेतलं एकेक रहस्य.
आम्ही वीस जण. ज्याला जी येईल ती घ्यायची
आणि महिनाभर, आपापल्या घरी, दार लावून,
रोज तेवढेच दहा मणी म्हणायचे.
रात्री गावाची बेरीज केली
तर अख्खी माळ पुरी झालेली असते.

आई गेली, तिची जागा मला आली
तिच्या लोकरी कोटासारखी, खांद्यात आवळ.
मी बेकरीत रात्रपाळीला.
फेब्रुवारीत माझ्याकडे चाबकाचे फटके होते.
पहाटे तीनला, पीठ फुगेपर्यंत,
बोटांवर मोजायचो; माळेला कणीक लागते.
देव आहे का, मला छातीठोक सांगता येणार नाही.
एकोणीस माणसं आहेत, एवढं सांगता येतं.

एखाद्या दिवशी राहून गेलं
तर देवाच्या आधी गेनोवेफा आठवते.
ती बोलणार काहीच नाही.
पाव घेताना सुटे पैसे
जरा जास्त वेळ मोजेल.

त्याच महिन्यात लेओकाद्याला काट्यांचा मुकुट आला
आणि चेस्वावाला खांद्यावरचा क्रूस.
घराला घर लागून, मध्ये कुंपण,
कुंपणावर आलुबुखारचं झाड,
झाडापायी नऊ वर्षांचा अबोला.
आता एकीचा शेवटचा मणी
दुसरीच्या पहिल्या मण्याला टेकलेला.
डबा हसला असेल. आम्ही हसलो नाही.

मग चेस्वावा बर्फावर घसरली.
खुबा मोडला, उजवं मनगटही.
ब्यावीस्तोकच्या इस्पितळात, औषधांच्या गुंगीत,
तिला स्वतःचं नाव धड आठवेना.
रविवारी गेनोवेफानं विचारलं, तिचे दहा कोण घेईल?
सगळे आपापल्या हातमोज्यांकडे बघत राहिले.
"होतायत," लेओकाद्या म्हणाली. "मंगळवारपासून."
तुला कुणी कळवलं?
"साडेनऊला तिच्या स्वयंपाकघरात दिवा लागतो.
मंगळवारी लागला नाही."
एवढं बोलून ती बाहेर पडली,
टोपी बाकावरच विसरली.

म्हणजे नऊ वर्षं, रोज रात्री,
पडद्याच्या फटीतून ती तो दिवा
बघत आली होती. कशासाठी, मी विचारलं नाही.

ईस्टरच्या आधी चेस्वावा काठी टेकत घरी आली.
कुंपणाच्या खांबावर मुरंब्याची बरणी ठेवली.
दोन दिवस बरणी तिथेच. तिच्यावर पाऊस पडला.
तिसऱ्या दिवशी नव्हती.
"मांजरानं पाडली असेल," चेस्वावा म्हणाली.
काचा कुणालाच दिसल्या नाहीत.

बोलणं अजून नाही.
मात्र गुरुवारी लेओकाद्या दुकानात आली,
एकाऐवजी दोन पाव मागितले.
"एक कापून दे," म्हणाली,
"पातळ काप. तिला सुरी धरवत नाही."