स्मरणिकेसाठी मजकूर

तुमचं पत्र पोचलं.
कंपनीला साठ वर्षं झाली, स्मरणिका निघतेय,
जुन्या माणसांनी दोनशे शब्दांत आठवण पाठवावी म्हणता.
दोनशेत मावणार नाही. तिकडे कापा.

सोबतच्या माहितीपत्रकात छापलंय,
'एका छोट्याशा स्वप्नातून सुरुवात झाली.'
स्वप्न नव्हतं हो. शीड होतं.
वेंगुर्ल्याच्या बंदरात मोडीत निघालेल्या फत्तेमारीचं.
माझ्या वडलांनी, भिवा गिरकरांनी,
चार तुकडे दाभणाने जोडून
पुरसो केळुसकरांना पडदा करून दिला,
वर खडू आणि डिंकाचे दोन हात.
उजव्या अंगाला एक ठिगळ राहिलं.
त्या काळच्या सगळ्या नायिका
आमच्या गावात गालाला ठिगळ लावून रडल्या.

'श्री सातेरी टुरिंग टॉकीज', तंबू दिवाळीनंतर.
खेळ नसला की पडदा आमच्या खळ्यात.
आईने एकदा त्यावर सोडे वाळत घातले.
सोड्यांना खडू लागला, पडद्याला वास.
पुढच्या खेळाला
पहिल्या रांगेत मांजरं.

रिळं आगबोटीने यायची,
बोट बाहेर उभी, पत्र्याची ट्रंक पडावात.
एकदा लाटेने पडाव हलला
आणि शेवटचं रीळ गेलं तळाला.
पुरसोशेट पडद्यासमोर आले, धोतराला हात पुसत,
"शेवट बुडालो. पण माका म्हायत आसा.
दोघांचा लगीन झाला. आता घराक जावा."
लोक गेले.
अकरा वर्षांनी आमचा नारायण मुंबईहून आला,
म्हणाला, तो मरतो गं शेवटी.
कोणी विश्वास ठेवला नाही.
अजून नाही.

पुढचं तुमच्याकडे असेलच.
पत्र्याचं थेटर, मग कणकवली, मग घाट चढून कोल्हापूर.
व्हिडिओ आले त्या साली काजूची बाग गेली,
हे मात्र तुमच्या कागदात नाही.
शेट तिकीटखिडकीत बसून
स्वतःच तिकीट फाडत, स्वतःच आत बसत,
एकटे, पंखा बंद करून.
मग नातू पुण्यात शिकला.
इंदूर, नागपूर, लखनौ,
एका इमारतीत सहा पडदे, मक्याच्या लाह्या साडेतीनशेला.
सातेरीची 'सॅटेरा' झाली.
कुणी नाव बदललं त्याला देवी कुठली ते विचारा,
गावरहाटीत अजून तिला कौल लावतात,
सॅटेरा म्हटलं तर उजवा देईल का ते मला ठाऊक नाही.

मी एकदा बघून आले, मुलीकडे गेले होते तेव्हा.
खुर्ची आपोआप आडवी झाली, मी घाबरले.
पडदा केवढा! आणि कुठे एक टाका नाही.
मला सारखं वाटत होतं,
बाईच्या गालाकडे बघावं आणि
काहीतरी लागावं डोळ्याला.
चित्र छान होतं. मला झोप लागली.

आता नकाशाबद्दल.
पत्रकाच्या मागे देशाचा नकाशा आहे,
तीनशे बारा पडदे, जिथे पडदा तिथे लाल ठिपका.
आमच्या गावात पडदा नाही, म्हणून ठिपका नाही,
हे मला कळतं.
पत्र्याच्या थेटरात आता सिमेंटची गोणी मिळते.
पण तुमचं गोल बोधचिन्ह नेमकं
किनाऱ्यावर छापलंय, मालवणपासून शिरोड्यापर्यंत,
समुद्र थोडा आणि आम्ही सगळे त्याखाली.

तेवढं जरा पश्चिमेला सरकवा.
तिथे पाणीच आहे, कोणाची हरकत नसेल.
तळाशी एक रीळ आहे फक्त.

आणि वडलांच्या वहीत सापडलं म्हणून कळवते:
पडदा शिलाई, चौदा रुपये.
आले सहा.
पुढे शेटच्या हाताची सही आहे, 'बाकी मोसमानंतर'.

व्याज नको.

कळावे,
द्रौपदी गिरकर,
मांडवीजवळ, वेंगुर्ला.